तेल लावल्याशिवाय राजा होत नाही

'द क्राउन' ही ब्रिटिश राजघराण्यावरची मालिका मी सध्या तिसऱ्यांदा बघतेय. घरात त्यावरून टोमणे खाऊन झालेत. तरीही पहिल्या सीझनचा पाचवा भाग सुरू झाला की मी फोन पालथा ठेवते आणि शेजारी बसलेल्यांनाही दोन मिनिटं तोंड बंद ठेवायला लावते.

प्रसंग अगदी साधा. साल १९३७. सहाव्या जॉर्जचा राज्याभिषेक तोंडावर आलाय आणि राजवाड्यात त्याची तालीम चाललीये. आर्चबिशपच्या, म्हणजे अभिषेक करणाऱ्या मुख्य धर्मगुरूच्या भूमिकेत कोण, तर त्याची अकरा वर्षांची मुलगी एलिझाबेथ. ती आर्चबिशपची वाक्यं म्हणते, बाप राजाची उत्तरं देतो. शपथ घ्यायला तयार आहात का? तयार आहे. मुलीला अर्थातच मुकुटापर्यंत पोचायची घाई. लहान मुलांना नाटकात तलवार आणि मुकुटच हवे असतात, मधलं कुणाला हवंय? बाप तिला थांबवतो. मधली पायरी गाळायची नाही. आधी पवित्र तेल लावायचं. ते लागल्याशिवाय मी राजाच होणार नाही. सगळ्या सोहळ्यात महत्त्वाचं काही असेल तर ते हेच, असं तो तिला समजावतो. सांगताना त्याचा आवाज हळूहळू खाली येतो आणि खेळ चाललाय हे तो विसरतो.

बस. रडारड नाही, मिठी नाही, 'बेटा, एक दिवस हे सगळं तुझं होणार' असलं काही नाही.

मालिकेतल्या या बापलेकीबद्दल बोलताना बहुतेकांना पहिल्या भागातला ख्रिसमस आठवतो. गावकरी गाणी म्हणायला आलेत, आजारी राजाच्या डोक्यावर कागदी मुकुट आहे, त्याचे डोळे भरलेत आणि लेक लांबून बघतेय. तो प्रसंग वाईट नाही. पण तिथे आपण रडावं अशी सगळी सोय करून ठेवलेली आहे, आणि मला रडायला बोलावलं की माझं रडू आटतं. तालमीच्या प्रसंगात कुणीच आपल्याकडून काही मागत नाही. एक माणूस स्वतःचा पाठ पक्का करतोय आणि मदतीला घरातलंच पोर घेतलंय, एवढंच.

पाठ पक्का का करावा लागतोय, ते माहीत असेल तर मात्र घशात काहीतरी अडकतं. या माणसाला राजा व्हायचंच नव्हतं. थोरला भाऊ गादीवर होता. त्याने डिसेंबर १९३६मध्ये एका घटस्फोटितेशी लग्न करण्यासाठी राज्य सोडलं आणि सगळं धाकट्याच्या अंगावर येऊन पडलं. धाकटा लहानपणापासून तोतरा. आपण आईपाशी जाऊन लहान मुलासारखे हुंदके देऊन रडलो, असं त्याने स्वतःच्या डायरीत लिहून ठेवलंय. गंमत बघा, राज्याभिषेकाची तारीखसुद्धा त्याची स्वतःची नव्हती. १२ मे १९३७ हा दिवस भावासाठी ठरला होता. तयारी झालीच होती, तर त्याच मांडवात दुसऱ्याला उभं केलं.

आता परत ती तालीम बघा. शब्द अडकणाऱ्या माणसाला भर वेस्टमिन्स्टर ॲबीत, म्हणजे लंडनच्या त्या भल्यामोठ्या चर्चमध्ये, रेडिओवर सगळं जग ऐकत असताना शपथ म्हणायचीये. आणि अडखळलं तरी चालेल असं जगातलं एकच माणूस त्याने समोर उभं केलंय, ते अकरा वर्षांचं आहे. राजाची भूमिका करणाऱ्या जेरेड हॅरिसने हे कुठेही ठळक केलेलं नाही. त्याचा राजा मुलीला शिकवतोय असंच वरवर दिसतं. मला मात्र दर वेळी वाटतं, आधार तो घेतोय.

तेलाबद्दल थोडं. या प्रसंगाची गोम इंग्रजांपेक्षा आपल्याला लवकर कळते, असं माझं ठाम मत आहे. त्यांच्या भाषेत या सोहळ्याचं नाव मुकुटावरून पडलंय, त्यामुळे मुकुटाच्या आधी तेल हे बापाला समजावून सांगावं लागतं. आपल्या शब्दात मुकुट नाहीच. आपण म्हणतो राज्याभिषेक. रायगडावर १६७४ साली गागाभट्टांनी केलं त्यातही मुख्य गोष्ट पाणी, मंत्र म्हणून डोक्यावर शिंपडलेलं पाणी. तेव्हा तो ब्रिटिश बाप जे पोटतिडकीने सांगतोय ते आपल्या बोलण्यात आधीपासून बसलेलं आहे. दागिना काढून ठेवता येतो. डोक्यावर पडलेलं पाणी नाहीतर अंगाला लागलेलं तेल परत कसं घेणार?

इथे कमेंटमध्ये येणारच आहे, म्हणून आधीच लिहिते. हो, हा माणूस तेव्हा हिंदुस्थानचाही सम्राट होता. शेवटचा. ती पदवी त्याच्या नावामागून १९४८मध्ये गेली. त्याच १२ मे रोजी त्याच्या राणीच्या मुकुटात कोहिनूर बसवलेला होता. आणि त्याच वर्षी जुलैत आपल्याकडे मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं काँग्रेस मंत्रिमंडळ आलं, म्हणजे इकडचे वारे तोवर पुरते फिरलेले होते. मालिकेच्या त्या दोन मिनिटांत यातलं काहीही नाही आणि ते मला खटकतं. तरी मी त्या प्रसंगात विरघळते. दोन्ही खरं आहे. साम्राज्याचा हिशोब एका बाजूला मांडून ठेवते, आणि तो माणूस लेकीसमोर अडखळायला बसला की माझा नाइलाज होतो. कुणाला हे दुटप्पी वाटलं तर वाटो.

बरं, मालिकेने हे सगळंच हवेतून आणलेलं नाही. प्रत्यक्षातल्या अकरा वर्षांच्या एलिझाबेथने वडिलांच्या राज्याभिषेकाचं वर्णन वहीत लिहून काढलं होतं आणि ती वही आईबाबांना भेट दिली होती. गुलाबी रिबीन बांधून. 'लिलिबेटकडून, तिने एकटीने लिहिलेलं' अशा अर्थाची अर्पणपत्रिकाही आहे; लिलिबेट हे तिचं घरातलं नाव. बाबांना मुकुट घालताना ॲबीच्या छतावर, कमानींवर आश्चर्याचं धुकं पसरल्यासारखं दिसत होतं, असं तिने त्यात लिहिलंय. अकरा वर्षांच्या मुलीचं वाक्य आहे हे! मी अकरा वर्षांची असताना 'माझी सहल' निबंधात 'आम्ही खूप मजा केली' याच्या पुढे गेले नव्हते.

त्या दिवशी बाबांनी काय पाहिलं, तेही बाबांनी लिहून ठेवलंय, आणि त्यात धुकंबिकं काही नाही. शपथ घ्यायची वेळ आली तर बिशपांना शब्दच सापडेनात. शेवटी आर्चबिशपने आपलं पुस्तक समोर धरलं, तर त्याचा अंगठा नेमका शपथेच्या शब्दांवर. मुकुटाची पुढची बाजू कळावी म्हणून बारीक दोरा बांधून ठेवला होता, तो कुणीतरी नीटनेटकेपणाच्या हौसेने काढून टाकला. आर्चबिशप मुकुट हातात फिरवत बसला. तो सरळ बसला की उलटा, हे मला अखेरपर्यंत कळलं नाही, असं राजा म्हणतो. वरून एका बिशपने त्याच्या झग्यावर पाय दिला, तेव्हा हा पडता पडता वाचला आणि त्याला पाय काढ म्हणून चांगलंच सुनवावं लागलं.

या दोन नोंदी शेजारी ठेवून वाचा. एकाच दिवसाच्या, एकाच इमारतीतल्या. लेकीला छतावर धुकं दिसतंय आणि बापाला पुस्तकावरचा अंगठा. मालिकेच्या लेखकाने, पीटर मॉर्गनने, यातली लेकीची बाजू उचलली. मला बापाचीही हवी होती. तो अंगठा दाखवला असता तर प्रसंग आणखी वर गेला असता.

माझ्या बाबांचं सांगते, मग पुढे जाते. ते निवृत्त झाले तेव्हा निरोप समारंभात त्यांना दोन शब्द बोलायचे होते. आयुष्यभर हिशोबाच्या वह्यांत डोकं घातलेला माणूस, माईक कधी हातात धरलेला नाही. आदल्या रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी मला खुर्चीत बसवलं आणि स्वतः कपाटाला टेकून उभे राहिले. पाठकोऱ्या कागदावर भाषण लिहिलेलं. वाचता वाचता एका सहकाऱ्याचं नाव आलं, तो वर्षभरापूर्वी गेला होता. तिथे थांबले. पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू केलं. पुन्हा तिथेच थांबले. असं चार वेळा झालं. मी तेव्हा कॉलेजात होते, मला झोप येत होती आणि खरं सांगायचं तर थोडा कंटाळाही आला होता. चौथ्या वेळी त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला आणि विचारलं, "मागे बसलेल्यांना ऐकू जाईल ना गं?" मी म्हटलं, "जाईल हो बाबा, झोपा आता." दुसऱ्या दिवशी त्यांनी कागद खिशातून काढलाच नाही. सगळं तोंडपाठ म्हणाले. ते नाव आलं तेव्हा त्यांनी स्टेजकडे पाहिलं नाही, लोकांकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

तर जॉर्ज त्या मुलीकडे बघतो तेव्हा मला काय होतं, ते एवढंच आहे.

मालिकेचा तोच भाग पुढे १९५३मध्ये येतो. आता मुकुट तिचा. तो डोक्यावर ठेवून चालता यावं म्हणून ती सोहळ्याआधी सराव करायला मागून घेते आणि म्हणते, दिसतं तितकं सोपं नाही हे. तिला सांगण्यात येतं, महाराजही अगदी हेच म्हणाले होते. राणीचं काम करणाऱ्या क्लेअर फॉयच्या चेहऱ्यावर तेव्हा जे क्षणभर येऊन जातं, त्यासाठी मी तो भाग पुन्हा बघायला तयार आहे. सेंट एडवर्डचा मुकुट दोन किलोंहून जड आहे. बापाने तालमीत मुलीला मुकुटापेक्षा तेल मोठं असं शिकवलं होतं. ओझ्याचा विषय मात्र राहून गेला होता. तो तिला असा, पाठीमागून आणि परक्याच्या तोंडून कळतो.

आणि ज्याने तालीम घेतली तो बघायला नाही. ३१ जानेवारी १९५२ला लंडनच्या विमानतळावर तो तिला निरोप द्यायला आला होता, चार महिन्यांपूर्वीच एक फुप्फुस काढलेला, थंडीत उघड्या डोक्याने उभा. ६ फेब्रुवारीला पहाटे झोपेत गेला. ५६ वर्षांचा होता. ती तेव्हा केनियात होती, २५ वर्षांची.

अभिषेकाच्या वेळी तिच्यावर छत धरतात आणि टीव्हीचे कॅमेरे बाजूला वळतात. हे प्रत्यक्षातही तसंच झालं होतं. ब्रिटनमध्ये २ कोटी ७० लाख लोक तो सोहळा टीव्हीवर बघत होते आणि नेमकी तीच गोष्ट कुणाला दिसली नाही. मालिका मात्र आपल्याला छताखाली नेते. दागिने उतरवलेली, साध्या पांढऱ्या झग्यातली ती, आणि तेल. त्या चेहऱ्यावर मला दर वेळी पुढच्या पायरीवर उडी मारू बघणारी ती मुलगी दिसते.

ज्यांना हे सगळं मालिकावाल्यांचं भावुकपण वाटतं, त्यांनी २०१८मध्ये आलेला बीबीसीचा राज्याभिषेकावरचा माहितीपट शोधून बघावा. त्यात नव्वदी ओलांडलेली खरी राणी बसलीये. समोर टेबलावर दुसरा मुकुट, संसदेत भाषण वाचताना घालायचा, १९३७मध्ये तिच्या वडिलांसाठी घडवलेला. हा घालून मान खाली घालून वाचता येत नाही, कागदच वर धरावा लागतो, नाहीतर मान मोडेल, असं ती मिश्कीलपणे सांगते. तो मुकुट हाताने स्वतःकडे ओढते. आणि म्हणते, नशिबाने माझ्या वडिलांच्या आणि माझ्या डोक्याचा आकार साधारण सारखाच आहे.