भागाकाराचा मान

आमच्या घराण्यात रामबागेतल्या वाड्याची वाटणी एका दुपारी झाली, दुसरा चहा यायच्या आत. देवघरातली चांदीसुद्धा कुणाचा आवाज न चढता वाटली गेली. इंदूरच्या मराठी मंडळींत हा प्रकार अजून दाखल्यादाखल सांगतात. अशा समंजस घराच्या ग्रुपवर एका रविवारी ८÷२(२+२) असा हिशोब येऊन पडला. खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं, ‘फक्त जीनियसच सोडवू शकतील.’

मराठी माणसाला ‘तुला जमणार नाही’ म्हटलं की तो गॅसवरचे पोहे सोडून येतो. आमचे थोरले काका तसेच आले, हातात झारा घेऊन. बँकेत जन्म काढलेला माणूस. उभ्या उभ्या म्हणाले, “सोळा.”

धाकटे काका वीज मंडळातले निवृत्त इंजिनियर. त्यांनी आधी चष्मा पुसला, मग म्हणाले, “एक.”

कंस सुटेपर्यंत दोघांचं एकमत होतं. दोन अधिक दोन चार, ह्याला कुणाची हरकत नव्हती. पुढे फाटलं. थोरल्यांचं म्हणणं, आता उरलं आठ भागिले दोन गुणिले चार. भागाकार-गुणाकार एकाच पायरीवरचे, तेव्हा डावीकडून चालायचं, चार चोक सोळा. धाकटे म्हणाले, “दादा, त्या दोनच्या आणि कंसाच्या मधे गुणिलेचं चिन्ह दिसतंय का तुला? तो दोन कंसाला चिकटलेला आहे. बीजगणितात २क लिहिलं तर दोनाची आणि ‘क’ची ताटातूट करतोस का तू? आठ भागिले आठ, एक.”

पंचाईत अशी की दोघांच्याही पाठीशी बरीच मोठी माणसं उभी आहेत. हे कोडं २०१९ साली जगभर फिरलं आणि त्याचं भावंड ६÷२(१+२) त्याच्याही आधी, २०११ साली. आमच्या ग्रुपवर येईपर्यंत ते चांगलंच शिळं झालं होतं, पण भांडणाला शिळेपण नसतं. गूगलला विचारा, सोळा म्हणतं. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या कॅलक्युलेटरांत तर आमच्याच घरासारखी तऱ्हा. टीआय-८२ चिकटलेल्या आकड्याला आधी मान द्यायचा आणि त्याच्याच पाठचा टीआय-८३ देत नाही. एकाच घरातले दोन भाऊ, एक म्हणणार एक, दुसरा म्हणणार सोळा.

सगळा मामला आहेच मानपानाचा. लग्नात आधी कुणाला ओवाळायचं, आहेर आधी कुणाचा, हे जसं ठरलेलं असतं तसंच हेही. कंस म्हणजे नवरदेव, त्याच्याशिवाय पान हलत नाही. त्याच्यामागून ‘चे’, हा घरातला जावई. दिसायला किरकोळ, पण रुसला तर मांडव हलवतो. विश्वास नसेल तर २४ ÷ १/२ चे ६ करून पाहा. ‘चे’चा मान आधी राखला तर सहाचे अर्धे तीन आणि चोवीस भागिले तीन, म्हणजे आठ. त्याच्या जागी साधं गुणिले बसवा, उत्तर येतं २८८. पुढे भागाकार आणि गुणाकार हे दोघे व्याही. मान बरोबरीचा, डावीकडून जो आधी येईल त्याला आधी पाट. बेरीज-वजाबाकीचंही तेच. पण आपण शाळेत हे सगळं ‘कंचेभागुबेव’ असं एका दमात पाठ केलेलं. त्यात ‘भा’ पुढे आणि ‘गु’ मागे, म्हणून भागाकार स्वतःला थोरला समजतो.

आतोबांनी तर त्यावर कळस चढवला. ते म्हणाले, “‘बे’ आधी, ‘व’ नंतर. म्हणजे १०-३+२ किती? तीन अधिक दोन पाच, दहातून पाच गेले, पाच.” आत्यानं शांतपणे विचारलं, “खिशात दहा रुपये होते, तीनची कचोरी खाल्ली, आणि वाटेत दोन रुपये सापडले. किती उरले?” (कचोरी तीन रुपयांना मिळायची तेव्हाची ही गोष्ट, सराफ्याच्या खाऊगल्लीत आज ह्या हिशोबाला कुणी उभं करणार नाही.) “नऊ,” आतोबा म्हणाले. “पण ते खिशात. वहीत पाचच.”

एवढ्यात अमेरिकेतल्या भाच्याचा मेसेज आला की तिकडे कंचेभागुबेव नसतं. तिथली मुलं ‘प्लीज एक्स्क्यूज माय डिअर आंट सॅली’ पाठ करतात, त्यात ‘माय’ म्हणजे मल्टिप्लाय, ‘डिअर’ म्हणजे डिव्हाइड, आणि म्हणून गुणाकार भागाकाराच्या आधी बसतो. झालं. धाकट्या काकांना अमेरिकेचा पाठिंबा मिळाल्यासारखं झालं, आणि आत्या मात्र उखडली. “ही सॅली कोण? आणि आत्याला माफ करा म्हणजे काय? मी काय केलंय? मी तर केव्हाची पोहे वाढून राहिलेय!”

मी मधे पडून सांगायला गेलो की चूक चिन्हाची आहे. ही टिंबांमधली आडवी रेघ भागाकारासाठी पहिल्यांदा वापरली योहान राह्न ह्या स्विस गणितज्ञानं, १६५९ साली. आणि आता आंतरराष्ट्रीय मानकच सांगतं की ती भागाकारासाठी वापरू नये, सरळ अपूर्णांक मांडा. “म्हणजे गेली साठ वर्षं मी बेकायदेशीर भागाकार करत होतो?” थोरले काका म्हणाले, आणि झारा माझ्याकडे वळला. मी पोह्यांवर जिरावण घ्यायला उठलो.

दुसऱ्या दिवशी किराणा भरायला सियागंजात गेलो. दुकानदाराच्या गल्ल्यावर तेलकट बटणांचा जाडजूड कॅलक्युलेटर होता. सहज त्यावर दाबून पाहिलं, २+३×४. वीस. माझ्या मोबाईलवर तेच दाबलं तर चौदा. दुकानावरचं यंत्र आकडे येतील तसे गिळतं, मागचा कोण येतोय हे बघायला थांबत नाही. संगणकावरचा विंडोजचा कॅलक्युलेटरही साध्या रूपात वीस सांगतो आणि त्यालाच ‘सायंटिफिक’ केलं की चौदा. मी धास्तावून विचारलं, “भिया, आपका हिसाब गलत नहीं हो जाता?” त्यानं वर न पाहता विचारलं, “दो क्या? तीन क्या?”

“मतलब?”

“दो रुपये की थैली और तीन किलो माल, चार के भाव से? तो ये लो.” अंगठ्यानं तीन गुणिले चार, ‘एम प्लस’, म्हणजे यंत्राच्या आठवणीत जमा. दोन, ‘एम प्लस’. ‘एमआर’, म्हणजे जमा झालेलं सगळं परत. चौदा. बोटं इतकी झरझर फिरली की डोळ्यांना फक्त ‘एम’ दिसला. मागच्या गिऱ्हाइकाचा गूळ तोलता तोलता त्यानं हे केलं. हे मी घरी सांगितलं तेव्हा धाकटे काका एवढंच म्हणाले, “किराण्यात चिकटलेले आकडे नसतात.”

शेवटी तोडगा आत्यानं काढला. तिनं ‘लीलावती’तलं गणित वाचलं. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास श्लोकात घातलेलं, चंचल डोळ्यांच्या मुलीला उद्देशून. एका संख्येला तीननं गुण, गुणाकाराचा पाऊण त्यातच मिळव, सातनं भाग, भागाकाराचा तिसरा हिस्सा वजा कर, उरलेल्याचा वर्ग कर, बावन्न वजा कर, वर्गमूळ काढ, आठ मिळव, दहानं भाग. उत्तर दोन. तर संख्या कोणती? ना कंस, ना ती रेघ, पायरीमागून पायरी. सगळे लग्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या बाजूंवर शेवटाकडून उलटे निघाले. दोनचे वीस, विसाचे बारा, बाराचे एकशे चव्वेचाळीस. मग एकशे शहाण्णव, चौदा, एकवीस. दोन्ही काका एका मिनिटाच्या अंतरानं अठ्ठावीसवर पोहोचले, आतोबासुद्धा. आत्यानं विजयी मुद्रेनं चहा टाकला.

तेवढ्यात भाच्यानं विचारलं, हे एका ओळीत कसं लिहायचं? थोरल्या काकांनी पेन उघडलं. पत्रिकेची लांबी संपली, ओळ कडेनं वळून वर चढू लागली. धाकटे काका बोट ठेवून मोजत होते.

“दादा, हा तिसरा कंस उघडलास, तो बंद कुठे केलास?”