केसगळतीचं सगळं बिल पित्ताच्या नावावर?

दर पावसाळ्यात हा मेसेज फिरून माझ्याकडे येतो. यंदा मामींनी पाठवला आणि खाली विचारलं, "तू वैद्य ना गं, खरं आहे का हे?" मेसेज असा: "केस गळतात, चेहऱ्यावर पुटकुळ्या येतात म्हणजे पित्त वाढलंय. रोज रात्री डोक्यात तेल जिरवा, आठवड्यातून तीनदा कांद्याचा रस लावा, चेहऱ्याला लिंबू चोळा. त्रिदोषांचं संतुलन झालं की २१ दिवसांत नवे केस. शंभर टक्के आयुर्वेदिक, अपाय काहीच नाही." एकेक वाक्य घेते.

"केस गळतात म्हणजे पित्त." अर्धवट आहे. केस जाण्याची संप्राप्ती, म्हणजे आजार कसा घडतो ते, सुश्रुतांनी आपल्या संहितेच्या निदानस्थान या भागात दिली आहे. रोमकूपातलं, म्हणजे केसाच्या मुळाच्या छिद्रातलं, पित्त वाताशी मिळून केस पाडतं, मग कफ रक्तासह ती छिद्रं बुजवतो, म्हणून तिथे नवे येत नाहीत. तिन्ही दोष झाले, वर रक्तही आलं. एकट्या पित्ताच्या नावावर बिल फाडून गुलकंद खात बसा, असं त्यात कुठेही नाही.

आणि गळणारा प्रत्येक केस हा आजारही नसतो. डोक्यावर साधारण लाखभर केस असतात, त्यातले रोज ५० ते १०० जाणारच. त्याहून जास्त जायला लागले तर मी मागचे तीन महिने विचारते. डेंग्यू झाला होता का, बाळंतपण, मोठं ऑपरेशन, लग्नाआधीचं कडक डाएट? शरीराला असा धक्का बसला की बरेच केस एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी कंगव्यात मूठ भरते. तोवर ताप विसरलेला असतो. बायकांना पाळीत रक्त किती जातं हेही विचारते, मग हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) लिहून देते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला होता. तरी काहीजणी हिरमुसतात. वैद्याने नाडी बघावी, रक्त कशाला काढायला लावता! पुरुषांचं कपाळ मागे सरकत जातं ते बहुतेक वेळा आनुवंशिक आणि हार्मोनमुळे. तिथे ताक पिऊन काही होत नाही.

"२१ दिवसांत नवे केस." केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो. विश्रांतीत गेलेलं मूळ पुन्हा कामाला लागायलाच दोन-तीन महिने जातात. खरी मेख पुढे आहे. तापानंतरची गळती बहुतेकांची काही महिन्यांत आपसूक थांबते, आणि ती थांबताना डोक्याला जे काही लावलेलं असेल त्याला श्रेय मिळतं. माझ्या तेलालाही असं श्रेय मिळालंय आणि दरवेळी मी ते नाकारलेलं नाही, हेही कबूल करते.

"कांद्याचा रस." याला थोडासा आधार आहे, पण तो भलत्याच आजारात. २००२ साली इराकमधल्या डॉक्टरांचा एक लहान अभ्यास छापून आला. त्यात चाई पडलेल्या, म्हणजे गोल चट्ट्यांनी केस गेलेल्या, रुग्णांना कांद्याचा रस लावल्यावर, नुसतं पाणी लावणाऱ्यांपेक्षा जास्त जणांना केस आले. रस लावणारे होते २३. चाईचे चट्टे पुष्कळदा आपोआपही भरतात. सगळ्या डोक्यावरून विरळ होत जाणाऱ्या केसांबद्दल त्यातून काही सिद्ध होत नाही. लोकलमध्ये शेजारची बाई सरकून बसते, एवढा परिणाम मात्र खात्रीचा.

"रोज रात्री तेल जिरवा." मी तेलाच्या विरोधात नाही, घरी दर रविवारी लावते. खोबरेल तेल केसाच्या कांडीत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं, हे मुंबईतल्या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवलं. तेल विकणाऱ्या कंपनीचेच संशोधक होते, तरी प्रयोग नीट होता. पण तो होता कांडीवर, म्हणजे केस कमी तुटतील. मुळातून नवा केस उगवेल असं त्यात नाही. अष्टांगहृदय लिहिणाऱ्या वाग्भटांनीही अभ्यंग, म्हणजे अंगाला तेल चोळणं, सरसकट सांगितलेला नाही. कफाचा विकार, अजीर्ण, नुकतंच झालेलं शोधन (वमन-विरेचनासारखी शुद्धी) असेल तर तो वर्ज्य. डोक्यात कोंडा असेल तर रात्रभराचं तेल म्हणजे कोंड्याच्या बुरशीला मेजवानी. आणि ज्या अध्यायात अभ्यंग आहे, त्याच अध्यायात डोक्यावरून गरम पाणी घेतल्याने केसांचं आणि डोळ्यांचं बळ जातं, असंही लिहिलंय. ते कुणी फॉरवर्ड करत नाही, कारण गीझर सोडवत नाही.

चेहऱ्याला लिंबू नकोच. रस तीव्र आम्ल, त्वचा सौम्य आम्ल. शिवाय लिंबू लावून उन्हात गेलं तर भाजल्यासारखे चट्टे उठतात आणि त्यांचे काळे डाग महिनोन्महिने जात नाहीत.

आता शेवटचं, मला सगळ्यात जास्त खटकणारं: "आयुर्वेदिक, म्हणून अपाय नाही." बिब्बा आयुर्वेदिकच आहे. त्याचं तेल अंगाला लागलं की काय होतं ते गावाकडच्या कुणालाही विचारा. बिब्बा, धोत्रा, गुंज, बचनाग, पारा यांची नावं औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालच्या नियमांच्या ई-१ या परिशिष्टात विषारी द्रव्यं म्हणून आहेत, आणि ती पोटात घेण्याच्या औषधात असतील तर वैद्यकीय देखरेखीत घेण्याची सूचना लेबलवर छापावी लागते. चरकांनी तर न कळलेल्या औषधाला विष, शस्त्र, अग्नी आणि वीज यांच्या रांगेत बसवलंय.

घरोघरी सापडणारं उदाहरण म्हणजे "नैसर्गिक" काळी मेंदी. निव्वळ मेंदीचा रंग नारिंगी-तांबडा येतो. तासाभरात केस काळेभोर झाले तर त्यात बहुधा पीपीडी हे रसायन आहे, आणि त्याची अॅलर्जी असेल तर दुसऱ्या दिवशी पापण्या सुजून डोळे उघडत नाहीत. पाकिटावरची बारीक अक्षरं वाचा, आधी कानामागे थोडी लावून दोन दिवस थांबा.

मामींना हे सगळं फोनवर सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ते ठीक आहे, पण तेल कुठलं लावू?" मी म्हटलं, घरात आहे तेच लावा, पण आधी रक्त तपासून या.