आमच्या घरापासून पिठाच्या गिरणीपर्यंत

आमच्या गल्लीचा रस्ता चांगला झाला आणि आमचं वाटोळं झालं.

हे वाक्य मी नगरपरिषदेत तक्रार म्हणून लिहून दिलं. आवक-जावकच्या बाईंनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "काका, रस्ता चांगला झाल्याची तक्रार कुठल्या टेबलाला टाकू?" प्रश्न रास्त होता. खड्ड्याला टेबल आहे, तुंबलेल्या गटाराला टेबल आहे, मोकाट कुत्र्यांनासुद्धा आहे. चांगल्या रस्त्याला नाही. शेवटी त्यांनी शिक्का मारला, अर्ज 'इतर'च्या गठ्ठ्यात सरकवला आणि मला पोच दिली. आमच्याकडे पोच लगेच मिळते, हे मान्य केलं पाहिजे.

आता मुळापासून सांगतो. आमच्या गल्लीत पूर्वी डांबरी रस्ता होता. म्हणजे दिवाळीच्या आसपास तो होत असे आणि गौरी-गणपतीपर्यंत जात असे. ठेकेदार वर्षानुवर्षं एकच. डांबर तो इतकं बेतानं वापरायचा की खडीला ते फक्त दाखवून परत नेत असावा. आषाढात खडी सुटायची, श्रावणात ती गटारात जायची, भाद्रपदात गटार साफ करण्याचं काम निघायचं, तेही त्याच्याच मेव्हण्याला. आम्ही त्याला मनसोक्त शिव्या देत असू. पण या सगळ्यात एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. रस्ता दरवर्षी वाहून जात असल्यामुळे त्याची उंची जिथल्या तिथे राहत होती. आजोबांनी ओट्याला तीन पायऱ्या बांधल्या होत्या, त्या मी नोकरीला लागेपर्यंत तीनच होत्या.

मग कारभार सुधारला.

ई-निविदा आली, दुसरा ठेकेदार आला, आणि आमच्या गल्लीचं काँक्रीटीकरण मंजूर झालं. कामाचं नाव असं : 'प्रभाग क्र. अमुक मध्ये श्री. (म्हणजे मी) यांचे घर ते पिठाची गिरणी रस्ता काँक्रीटीकरण करणे.' गल्लीला नाव नसलं की नगरपरिषद अशी नावं घेते. माणूस जिवंत आहे की नाही हेही बघत नाही. मागच्या आळीतले एक गृहस्थ जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण त्यांच्या घरापासून ते मारुतीच्या पारापर्यंत अजूनही दरवर्षी काही ना काही होतच असतं. कामाच्या फलकावर माझं नाव आल्याचा सुरुवातीला मला आनंद झाला, नाही असं नाही. शेजारच्या नानांना मात्र ते फार लागलं. ते पाटबंधारे खात्यातून कारकून म्हणून निवृत्त झालेले. त्यांचं म्हणणं, मोजमाप नेहमी वरच्या अंगाकडून धरतात, तेव्हा फलकावर 'गिरणी ते नानांचे घर' असं पाहिजे होतं.

काम सुरू झालं आणि आम्ही सगळे चाटच पडलो. काम खरोखर चांगलं होतं! एम-३० चं काँक्रीट, रेडीमिक्सची गाडी, खाली प्लास्टिकचा कागद. ज्युनिअर इंजिनिअर स्वतः हजर. पोरगा तिशीच्या आतला, अंगात रिफ्लेक्टरचं जाकीट, बोलायला गोड. पंधरा सेंटिमीटरच्या साच्यांत त्यानं आमच्यासमोर क्यूब, म्हणजे काँक्रीटची ताकद तपासायचे ठोकळे, भरून घेतले, काही सात दिवसांनी फोडायला, काही अठ्ठावीस दिवसांनी. नाना पट्टी घेऊन कडेला उभे. "जाडी एक सूतसुद्धा कमी चालणार नाही," ते ओरडायचे, आणि मुकादम "घ्या की आजोबा, दोन सूत जास्त घ्या" म्हणून खरंच जास्त ओतायचा. पाण्याचा मारा, वर ओलं गोणपाट, सगळं रीतसर. एका कुत्र्यानं ओल्या काँक्रीटवरून गिरणीपर्यंत पावलं उमटवली, तेवढाच काय तो दोष, आणि त्यातही कुत्र्याचीच चाल सरळ होती. क्यूब पास झाले. बिल निघालं. पुढारी मंडळी येऊन फीत कापून गेली.

मृगाचा पहिला पाऊस पडला आणि गिरणीकडचं पाणी गुळगुळीत, एकसंध, बिनखड्ड्याच्या रस्त्यावरून कुठेही न अडखळता थेट आमच्या माजघरात आलं.

पूर्वी ते वाटेत खड्ड्याखड्ड्यांत मुक्काम करत यायचं. आता त्याला मुक्काम राहिला नव्हता. आई पाटावर बसून वाल सोलत होती. पाणी पाटाखालून गेलं तरी ती उठली नाही, नुसती खाली बघून म्हणाली, "गिरणीत आज ज्वारी दळली वाटतं." पाण्यावर खरोखरच पांढरट तवंग होता. तेव्हापासून पाऊस पडला की गल्लीत कुणी काय दळलं ते आम्हाला घरबसल्या कळतं. बाजरी असली की फरशी पुसायला जड जाते.

दुसऱ्या दिवशी ओळखीचा गवंडी पाण्याची नळी घेऊन आला. लेव्हल बघायची ती पारदर्शक नळी. तिचं एक टोक त्यानं रस्त्याच्या कडेला धरलं, दुसरं मी उंबऱ्याशी. नळीतलं पाणी डुचमळलं, थांबलं. गवंड्यानं खिशातल्या पेन्सिलीनं चौकटीवर रेघ मारली आणि ती रेघ माझ्या उंबऱ्याच्या वर चांगली वीतभर होती. जुन्या डांबरावर खडीचा थर, त्यावर काँक्रीट, त्यावर नानांचे दोन सूत. आजोबांच्या तीन पायऱ्यांपैकी एकही दिसत नव्हती. उलट रस्त्यावरून घरात उतरायला आता पायरी लागणार होती.

इंजिनिअर साहेब बोलावल्याबरोबर आले. (चांगल्या कारभाराची हीच पंचाईत असते, माणसं भेटतात आणि राग धरता येत नाही.) त्यांनी रेघ पाहिली, बूट काढले, आत येऊन चहा घेतला.

"काका, काम एकदम एस्टिमेटप्रमाणे झालंय."

"पण साहेब, पाणी घरात येतंय."

"ते एस्टिमेटमध्ये नव्हतं."

त्यांनी मोबाइलवर मोजमाप पुस्तिकेचं पान उघडून दाखवलं. संख्या, लांबी, रुंदी, जाडी आणि शेवटी घनमीटर. सगळे आकडे बरोबर, खाली सह्या. कुणाच्या दाराशी रस्ता किती वर आला, याचा रकाना त्यात नाही. बिल घनमीटरवर निघतं. "जुना रस्ता खोदून काढायची बाब होती हो आधी," साहेब कप खाली ठेवत म्हणाले. "पण मंजूर रकमेत बसवायचं होतं. मग तीच वगळली. काढलेलं काही दिसत नाही ना, काका. घातलेलं दिसतं."

सगळ्या प्रकरणात एवढं खरं मला दुसरं कुणी बोललं नाही. मी त्यांना आणखी एक चहा दिला.

तरी फाइल बघावी म्हणून माहिती अधिकारात अर्ज केला. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय, आणि आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे मजकूर दीडशे शब्दांच्या आत. माझ्या आईला एवढ्या शब्दांत पावसाची तक्रार सांगता आली असती तर मी तिलाच अर्जदार केलं असतं. अभिलेख बघायला पहिला तास फुकट असतो, तो मी नानांसकट वसूल केला. फाइल बघून मात्र डोळे निवले. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, तुलनात्मक तक्ता, कार्यारंभ आदेश, क्यूबचा अहवाल, त्रयस्थ तपासणीचं प्रमाणपत्र. कामापूर्वीचे, काम चालू असतानाचे आणि काम झाल्यावरचे फोटो, त्यांवर अक्षांश-रेखांश छापलेले. कामापूर्वीच्या फोटोत आमच्या पायऱ्या आहेत. काम झाल्यावरच्या फोटोत नाहीत. दोन फोटो एकाच पानावर, एकाखाली एक डकवलेले. त्या पानावर चार जणांच्या सह्या आहेत.

नानांना त्या फाइलीत एक खोट काढता आली नाही. परतताना ते म्हणाले, "अशी फाइल मी उभ्या नोकरीत पाहिली नाही." त्यांच्या आवाजात हेवा होता.

१९९२ च्या ७४व्या घटनादुरुस्तीनं शहरांच्या कारभारासाठी बारावं परिशिष्ट आलं, त्यात १८ विषय आहेत. रस्ते व पूल हा एक. पाणीपुरवठा वेगळा, नगररचना वेगळी. माझा उंबरा कुठल्या विषयात मोडतो ते मी शोधलं. त्याच्या एका बाजूला रस्ता आहे, म्हणजे बांधकाम. त्यावरून पाणी येतं, म्हणजे आरोग्य, कारण गटारं त्यांच्याकडे. आणि तो माझा आहे, म्हणजे कर विभाग. तिन्ही खात्यांपैकी फक्त कर विभागानं उंबरा आपला मानला. घरपट्टीची मागणी वेळेवर आली.

मधल्या काळात गल्लीनं आपापले उपाय केले. कुणी दाराशी विटांचा बांध घातला, कुणी गोणीत वाळू भरून ठेवली. मी सिमेंटचा उतार करून घेतला, गाडी आत-बाहेर करायला. तो वीतभर रस्त्यावर आला म्हणून नगरपरिषदेची अतिक्रमणाची नोटीस लागली. रस्ता माझ्या घरात वीतभर आला तेव्हा नोटीस कुणी कुणाला द्यायची, हे मी विचारून पाहिलं. ती विचारणाही 'इतर'मध्ये गेली. गटाराचं तर बोलायलाच नको. रस्ता वर गेल्यावर गटार खोल वाटायला लागलं, म्हणून वेगळ्या निधीतून, वेगळ्या ठेकेदारानं त्याच्या भिंती उंच केल्या. आता रस्त्यावरचं पाणी गटारात पडत नाही. पुढे पाइपलाइनवाले येऊन खोदून गेले, पण त्याच्यावर विनोद करून करून लोक थकलेत, तो मी सोडून देतो.

कित्येक वर्षं प्रशासकाचा कारभार होता, तोवर विचारायला नगरसेवकही नव्हते. माजी होते आणि भावी होते. गल्लीच्या तोंडाला एकाच खांबावर दोघांचे फलक, माजी वर, भावी खाली. मग २०२५ च्या डिसेंबरात निवडणूक झाली, त्याआधी भावी दारोदार फिरले. आमच्याकडे आले ते वाळूच्या गोणीवरून उडी मारून. मी रेघ दाखवली. त्यांनी ती मनापासून पाहिली, आईच्या पाया पडले आणि शब्द दिला, "काका, एकदा संधी द्या. रस्ता इतका उंच करून देतो की पाणी टिकणारच नाही त्याच्यावर."

निवडून आले.

आता घर उचलायचं घाटतंय. हल्ली हरियाणाकडची मंडळी येतात, पायाशी भिंत कापून खाली जॅक लावतात आणि अख्खं घर सामानासकट वर घेतात. दर चौरस फुटाला सांगतात, त्यात पुन्हा किती फूट उचलायचं त्यावर फरक. नानांच्या ओळखीचा एक जण येऊन घर बघून गेला. भिंतींवर टिचक्या मारल्या, ओट्याच्या जागी उभा राहून रस्त्याकडे बघितलं, आणि विचारलं, "बाबूजी, कितना उठाना है?"

नाना म्हणाले, दीड फूट. गवंडी म्हणाला, दोन धरा. आई म्हणाली, मला तुळशीला पाणी घालायला जिना चढायला लावू नका. मी साहेबांना फोन लावला. ते मीटिंगमध्ये होते, तरी उचलला.

"काका, इतक्यात पक्कं करू नका," ते हळूच म्हणाले. "तुमच्या घरापासून गिरणीपर्यंत परत एक काम धरलंय. एस्टिमेट करतोय, जाडी कळली की सांगतो."