ग्रीक बेटांची क्रूझ स्वस्त खरी, पण मेल्तेमी वारा सांभाळा

ग्रीक बेटांच्या स्वस्त क्रूझवरचा लेख आवडला. अथेन्सच्या पिरेअस बंदरातून छोट्या जहाजाने तीन-चार रात्रींत ग्रीक बेटं बघणं खिशाला परवडतं, हे लेखिकेचं म्हणणं पटलं. पण जाहिरातीतल्या आकड्यावर भुलू नका. बंदर शुल्क, टिप, किनाऱ्यावरच्या सहली बहुधा वेगळ्या लागतात. सँतोरिनी नि मिकोनोस या बेटांवर उतरायचे २०२५ पासून ऐन हंगामात माणशी २० युरो. जहाज मध्येच तुर्कस्तानात कुशादासीला लागणार असेल, तर शेंगेन व्हिसा (ग्रीससह युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक व्हिसा) मल्टिपल एंट्रीचाच, म्हणजे पुन्हा पुन्हा आत येऊ देणाराच काढा. नाहीतर परत ग्रीसमध्ये शिरताना पंचाईत.

छोट्या जहाजाचा फायदा आम्हा दाभोळवाल्यांना चटकन कळेल. आमच्याकडे भरतीचं गणित बघितल्याशिवाय खाडीत शिरता येत नाही. भूमध्य समुद्र जवळजवळ बंदिस्त, महासागराकडे नैसर्गिक वाट फक्त जिब्राल्टरच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीची. म्हणून तिथे बहुतेक ठिकाणी भरती-ओहोटी जेमतेम फूटभर. छोटं जहाज गावाच्या धक्क्याला थेट लागतं, उतरलं की समोर बाजार. सँतोरिनी याला अपवाद: कड्याखाली पाणी अतिशय खोल, त्यामुळे क्रूझ बाहेरच थांबते नि होडीने जावं लागतं. वर गावात जायला केबल कार आहे, पायऱ्यांच्या नादी लागू नका.

लेखात वाऱ्याचा उल्लेखच नाही. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे मेल्तेमी हा उत्तरेचा वारा सुटतो. आभाळ स्वच्छ, ऊन कडक, आणि समुद्र खवळलेला! छोटं जहाज जास्त हलतं. आपण कोकणातले, आपल्याला काय बोट लागणार, या तोऱ्यात गोळ्या घरी ठेवू नका. सप्टेंबर अखेर बरी, गणपतीही बहुतेक वर्षी उरकलेले असतात.