ओबी-वानचा नळ

स्टार वॉर्स सिनेमातल्या ओबी-वान केनोबीच्या लाइटसेबरचं, म्हणजे त्याच्या तलवारीच्या मुठीचं, जे बूड आहे ना, ती नळाची मूठ आहे. मस्करी नाही करत. आर्मिटेज शँक्स म्हणून ब्रिटिश सॅनिटरीवेअरची कंपनी आहे, तिच्या बाथरूममधल्या नळाची मूठ. त्याच लाइटसेबरमध्ये बाकी काय काय आहे ऐका, रोल्स-रॉइसच्या डर्वेंट जेट इंजिनाचा एक पाइप, पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश रायफल ग्रेनेडचं धड, ब्राउनिंग मशिनगनचा एक तुकडा आणि जुन्या प्रेस फोटोग्राफरांच्या ग्राफ्लेक्स फ्लॅशगनचा क्लॅम्प. 1977 चा पहिला स्टार वॉर्स काढताना बजेटची मारामार होती, मग प्रॉपवाल्या मंडळींनी भंगारातलं हाताला लागलं ते जोडलं आणि दिलं ओबी-वान झालेल्या ॲलेक गिनेसच्या हातात. त्या दिवशी हाताला कुकरचं झाकण लागलं असतं तर आज जगभरचे लोक कुकरचं झाकण शोधत फिरले असते.

आणि फिरतात हो. सिनेमातल्या पात्राचा वेष करायचा म्हणजे कॉस्प्ले, आणि स्क्रीन-ॲक्युरेट कॉस्प्ले म्हणजे तेच. जे पडद्यावर दिसलं ते तसंच्या तसं, मिलिमीटरला मिलिमीटर. जगभरच्या फॅन लोकांनी फोटो झूम करकरून एकेक पार्ट कुठला ते शोधून काढलंय. 1999 च्या स्टार वॉर्समध्ये क्वाय-गॉन ज्याच्यावर बोलतो तो कम्युनिकेटर म्हणजे जिलेटच्या लेडीज रेझरची मूठ निघाली, आणि जेडाय योद्ध्यांचा हा एवढा धीरगंभीर गुरू रेझर तोंडाशी धरून बोलतोय हे एकदा कळलं की तो सीन परत सिरियसली बघता येत नाही. पहिल्या सिनेमाचा हिरो ल्यूक, त्याच्या लाइटसेबरची तर आख्खी मूठच ग्राफ्लेक्सची, त्यामुळे त्या जुन्या फ्लॅशगनला आता शेकडो डॉलर मोजावे लागतात आणि खरे कॅमेरे जमवणारे लोक आमच्या नावाने बोटं मोडतात. बरोबर आहे त्यांचं.

मी कॉस्प्लेला ओबी-वान निवडला कारण केस पांढरे व्हायला लागलेत, तेवढा खर्च वाचतो. बाकी काही वाचलं नाही.

सुरुवात नळापासून केली, म्हणलं हे तरी मिळेल. रविवार पेठेत बोहरी आळीत शिरलो. दुकानदाराला फोटो दाखवला.

"बेसिनचा का शॉवरचा?"

"नळ नकोय, नुसती मूठ."

"अहो पण नळ कुठला आहे घरात?"

"घरात नाहीये."

"मग मूठ कशाला बसवणार?"

याला उत्तर नव्हतं असं नाही, पण मागे तीन प्लंबर उभे होते आणि मला पुण्यात राहायचंय. 'तलवारीला' असं पुटपुटलो तर त्यांनी अत्यंत शांतपणे सांगितलं, की तलवारीचं माहीत नाही, पण आमच्याकडची मूठ घेतलीत तर दहा वर्षं गळणार नाही.

मग जुना बाजार. बुधवारी आणि रविवारी भरतो, आणि तिथे काय मिळत नाही ते विचारा. पण गर्दीत उभं राहून "दादा, ग्रेनेड आहे का?" हे वाक्य मोठ्याने म्हणून बघा एकदा. सोबत आलेला मित्र चार पावलं बाजूला सरकला आणि शेजारच्या पालावर चपला बघायला लागला, ज्याचा पाय अकरा नंबरचा आहे आणि समोर सगळ्या लेडीज होत्या. विक्रेता मात्र अजिबात दचकला नाही. "ग्रेनेड संपले," म्हणाला, "मिल्ट्रीचा पाण्याचा डबा आहे, नेता का?" नेला. कशाला ते माहीत नाही.

शेवटी सगळे पार्ट ॲल्युमिनियममध्ये टर्न करून घ्यायचं ठरलं. ऑनलाइन फॅन लोकांनी काढलेली ड्रॉइंग मिळतात, ती प्रिंट केली आणि नऱ्ह्याला एका लेथवाल्या काकांकडे गेलो.

"हे कुठल्या मशीनचं?"

"मशीनचं नाही काका, तलवारीची मूठ आहे."

काकांनी कागद उलटा करून मागची बाजू बघितली. "पातं?"

"पातं उजेडाचं असतं."

काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि आत हाक मारली, "अरे, साहेबांना चहा सांग."

पण माणूस अस्सल कारागीर. रॉड चकमध्ये धरला, फेसिंग केलं, मग त्या ग्रेनेडच्या खाचा एकेक करत पाडायला घेतल्या, टूल आत जाताना चांदीच्या सुतासारखी चूर निघत होती आणि काका दर खाचेला मशीन थांबवून व्हर्नियर लावत होते. जॉब हातात आला तेव्हा आरशासारखा लखलखत होता, थ्रेड असे बसले होते की जोड कुठे आहे ते नखालाही लागेना. इतका सुंदर की माझ्या पोटात गोळाच आला. कारण सिनेमातला असा नाहीच आहे! सिनेमातला भंगारातून उचललेला, घाईत जोडलेला, टवके गेलेला.

"काका, याला जरा ओरखडे पाडायचेत."

"कशाला?"

"फोटोत आहेत."

"तो रिजेक्ट जॉब असणार," काका म्हणाले. "आपल्याकडून रिजेक्ट जॉब बाहेर जात नाही."

मी बाहेर पायरीवर बसून पॉलिश पेपरने सुरू केलं. काकांना आतून बघवेना. शेवटी बाहेर आले, माझ्या हातातून ते काढून घेतलं, स्वतःच्या कमरेला लावून बघितलं आणि म्हणाले, अहो असं नाही, कमरेला लटकवली तर पट्टा इथे घासणार, झीज या बाजूला येणार, आणि कानस घेऊन अगदी तर्कशुद्ध झीज करून दिली. फोटोत ओरखडा बरोबर उलट्या बाजूला आहे. म्हणजे मूळच्या ओरखड्याची चूकसुद्धा काकांनी दुरुस्त केली.

तेव्हा मला या छंदातली खरी गोची समजली. पार्ट मिळत नाहीत ही अडचण नाहीच, आपल्याकडे वाईट काम करून देणारा माणूस मिळत नाही. म्हणजे फ्लॅटच्या गळतीला मिळतो, भरपूर मिळतो, पण वाईटच पाहिजे म्हणलं की सगळ्यांचा स्वाभिमान जागा होतो.

झग्याचं तेच. ॲलेक गिनेसचा तो तपकिरी लोकरी झगा शूटिंगनंतर लंडनच्या भाड्याने कपडे देणाऱ्या कंपनीत परत गेला, तिथून फॅन्सी ड्रेसवाल्यांना भाड्याने जात राहिला आणि 2007 साली लिलावात 54 हजार पौंडांना गेला. हे मी आईला सांगितलं तर म्हणाली, "आपलं घोंगडं आहे ना कपाटावर." रंग सोडला तर कल्पना अजिबात वाईट नव्हती, खरखरीतपणा तर शंभर टक्के ॲक्युरेट. पण मी कापड आणलं, आणि टेलरला बजावून सांगितलं की कडा अशाच सोडा, धागे निघू देत. त्याने हो हो म्हणून कडा ओव्हरलॉक केल्या, आत अस्तर लावलं आणि न सांगता मोबाईलचा खिसा काढून दिला. खिशाचे पैसे घेतले नाहीत. खिसा मी ठेवलाय, हे कोणाला सांगू नका.

कॉस्प्लेच्या कार्यक्रमाच्या गेटवर सिक्युरिटीवाल्याने लाइटसेबर हातात घेऊन हलवून बघितली, कानाशी लावली, आणि म्हणाला बाहेरचं पाणी आत चालत नाही. आत गेलो तर एक विशीतला मुलगा फोटो काढायला आला, मी ऐटीत पोझ दिली, त्याने खाली वाकून बुडाकडे बघितलं आणि म्हणाला, "सर, हा नॉब आर्मिटेज शँक्सचा नाहीये ना?"

तर कोणाच्या जुन्या बंगल्यात, हिल स्टेशनच्या लॉजवर, आत्याच्या लंडनच्या घरी वगैरे तो नळ असेल तर कळवा. पाणी बंद करून येईन, मूठ काढेन, आणि बदल्यात बोहरी आळीची बसवून देईन. ती दहा वर्षं गळत नाही.