मामा, जेवणानंतरची सिगारेट पित्त मारत नाही

परवा परभणीच्या मामांनी घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला आणि खाली लिहिलं, "बघ, तू उगंच मागं लागतोस." मेसेजात काय, तर धूर फुफ्फुसात जातो, पोटात नाही. पोटाचा कॅन्सर जंतूनं होतो, सिगारेटीनं नाही. फिल्टरवाली तर निर्धोकच. आणि जेवणावर एक ओढली की पित्त शमतं.

धूर पोटात जात नाही म्हणे! मूत्राशयात तरी कुठं जातो? पण सिगारेटीनं मूत्राशयाचा कॅन्सर होतोच. धुरातलं विष फुफ्फुसातून रक्तात उतरतं आणि अंगभर फिरतं. शिवाय ते लाळेत मिसळतं, आणि लाळ आपण दिवसभर गिळतो. फिल्टरनं यातलं काही टळत नाही.

जंतूचं खरं आहे, मान्य. एच. पायलोरी हे जठराच्या कॅन्सरचं सगळ्यात मोठं कारण. पण एक चोर सापडला म्हणून दुसरा सुटतो का? जागतिक आरोग्य संघटनेच्या ज्या कॅन्सर संशोधन संस्थेनं १९९४ साली या जंतूला कॅन्सरकारक ठरवलं, तिच्याच अहवालमालेच्या २००४ सालच्या ८३व्या खंडात सिगारेटीनं होणाऱ्या कॅन्सरमध्ये जठराचाही कॅन्सर आहे. ओढणाऱ्याला धोका साधारण दीडपट. फुफ्फुसाच्या मानानं कमी, पण आहे.

माझा खरा संताप पित्तावर आहे. जेवण झालं की मामा ओट्यावर बसतात. सदऱ्याच्या एका खिशात सिगारेटचं पाकीट, दुसऱ्यात पित्ताच्या गोळ्या. आधी ही, मग ती. निकोटिननं अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप सैल पडते, आम्ल वर चढतं. म्हणजे जळजळ वाढवायची सिगारेटीनं आणि दाबायची गोळीनं! अल्सर असला तर तोही लवकर भरत नाही. त्याहून वाईट म्हणजे जठराचा कॅन्सर सुरुवातीला पित्तासारखाच वाटतो. माणूस गोळ्या खात बसतो आणि महिने निघून जातात.

मामी परवा फोनवर म्हणाली, दोन भाकरी खाणारा माणूस आता अर्धीवर उठतो, पॅन्टचा पट्टा सैल पडतो, नवं भोक पाडलंय. हे मला पित्त वाटत नाही. कॅन्सरच असेल असंही मी म्हणत नाही. पण आत बघितल्याशिवाय ते कळणार कसं?

मामा, रविवारी मुक्कामाला येतोय. रात्री हलकं जेवा, त्यानंतर काही खाऊ नका, ओढू पण नका. सोमवारी सकाळी उपाशीपोटी दुर्बिणीची तपासणी आहे, नंबर लावलाय.