दहावीचं बक्षीस म्हणून कुत्रा आणताय? आधी आईला विचारा

निकालाचे दिवस आले की मला हमखास दोन प्रकारचे मेसेज येतात. पहिला: "लेकाला ब्याण्णव टक्के पडलेत, कुत्रा कबूल केला होता, कुठला घ्यावा?" दुसरा, बहुतेक त्याच आठवड्यात, भलत्याच कुणाकडून: "आमचा लॅब्रेडॉर द्यायचाय. पाच वर्षांचा आहे, फार गुणी. मुलगा शिकायला बाहेर गेला, आता आमच्याच्यानं होत नाही." या दोन घरांची एकदा गाठ घालून द्यावी असं फार वाटतं. कुत्र्याची देवघेव राहू दे, नुसत्या गप्पा मारल्या तरी पुष्कळ.

कारण हिशेब अगदी साधा आहे. लॅब्रेडॉर साधारण १० ते १२ वर्षं जगतो. नीट सांभाळलेला गावठी कुत्रा बरेचदा त्याहून जास्त, आणि घरातलं मांजर पंधरा ओलांडतं. दहावी झालेलं पोर पंधरा-सोळाचं. पुढची दोन वर्षं क्लास, सीईटी, जेईई. मग इंजिनियरिंगला दुसरं गाव, हॉस्टेल, नंतर नोकरी बंगळुरूला नाहीतर एमएसला परदेशी. कुत्रा मात्र तिथेच, कोथरूडच्या टू बीएचकेत. म्हणजे बक्षीस मुलाला आणि ड्युटी आईला.

म्हणून माझं मत सांगते, चिडायचं त्यांनी खुशाल चिडा. घरात प्राणी आणायचा की नाही यावर मतदान घेऊ नये. शी-शू जी काढणार, तिचा एकटीचा निर्णय. ती नाही म्हणाली की विषय संपला, मग बाकीचे चौघे कितीही तयार असोत. आपल्याकडे नेमकं उलट चालतं. पिल्लू बास्केटमध्ये घालून दारात उभं केल्यावर तिला कळतं, आणि वर सगळे म्हणतात, "बघ ना किती गोड आहे!" (काही घरांत ही जबाबदारी आजोबा घेतात. ते कुत्रे नशीबवान. आजोबांनाही खाली जायला निमित्त मिळतं.)

"मी करीन ना सगळं" म्हणणारा मुलगा खोटं बोलत नसतो. तो पंधरा वर्षांचा असतो, एवढंच.

आणि "सगळं" म्हणजे काय, ते जुलैत कळतं. बाहेर धो धो पाऊस, पहाटे पावणेसहा, आणि कुत्र्याला घरात करायची सवय नाही. जा खाली. परत आलात की चारही पाय पुसा, बोटांच्या बेचक्यात हात घालून गोचीड शोधा, कानाची घडी उलटून बघा. रक्त पिऊन टम्म फुगलेली गोचीड करड्या वाटाण्यासारखी दिसते. ती राहिली तर कधीकधी गोचीडताप. कुत्रा खाणं सोडतो, हिरड्या फिकट पडतात, प्लेटलेट्स घसरतात. रक्ततपासणी, मग तीन-चार आठवडे गोळ्या. चिकनच्या तुकड्यात लपवलेली गोळी हे प्राणी इतक्या सफाईनं वेगळी काढतात की चिकन पोटात जातं आणि गोळी सतरंजीवर कोरडी करकरीत पडलेली असते. पुन्हा पहिल्यापासून. हे कोण करणार, त्या माणसाचं नाव आत्ताच सांगा.

पैशांचं लांबण लावत नाही. पिल्लाची लस एकदा देऊन भागत नाही. दीड-दोन महिन्यांपासून पुढे दर तीन-चार आठवड्यांनी डोस, तीन महिन्यांच्या सुमारास रेबीजची, मग पुढे वेळापत्रकाप्रमाणे बूस्टर. नसबंदी करणार नसाल तर मादीच्या गर्भपिशवीत पू होण्याचा धोका वयाबरोबर वाढतो, आणि तेव्हाचं ऑपरेशन जिवावरचं असतं.

पैशांपेक्षा अडचणीच्या गोष्टी वेगळ्याच असतात आणि त्या आधी कुणी बोलत नाही. कामवाल्या मावशी कुत्र्याला घाबरतात का? "ताई, कुत्रं आणलं तर मी काम सोडते" हे वाक्य मी किती घरांत ऐकलंय. गणपतीला कोकणात जायचं तर हा कुठे राहणार? रेल्वेनं न्यायचा तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे तरी घ्या, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीत पाठवा. स्लीपर किंवा थ्री टियरमध्ये मांडीवर घेऊन बसता येत नाही. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहत असाल तर आणखी एक विचार करा. लॅबला म्हातारपणी कंबरेचा त्रास होण्याचं प्रमाण बरंच आहे. तीस किलोचा कुत्रा उचलून जिने कोण चढणार? तोवर तुम्हीही पन्नाशी ओलांडलेली असेल.

जातीबद्दल एवढंच. २००३ मध्ये हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एक पग छोट्या मुलाच्या मागे मागे चालला आणि घरोघरी पग आले. चपट्या नाकामुळे त्यांना धड श्वास घेता येत नाही, मे महिन्यात तर हाल बघवत नाहीत. आता हस्कीची फॅशन आहे. बर्फात स्लेज ओढायला वाढवलेला, दुहेरी केसांचा कुत्रा नागपूरच्या पंचेचाळीस डिग्रीत! एसी लावतो म्हणतात. लाइट जातात त्याचं काय?

आणि महिन्याभराचं पिल्लू विकणाऱ्याकडून घेऊच नका. कुत्र्यांच्या पैदास-विक्रीच्या २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. आईपासून लवकर तोडलेली पिल्लं पुढे चावरी, घाबरट होऊ शकतात. आपला पोपट पिंजऱ्यात ठेवणं तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हाच आहे, त्याचा पर्याय काढून टाका.

कुत्रा रस्त्यावर सोडून देणं हाही १९६० च्या प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या कायद्याखाली गुन्हा धरला जातो. पहिल्या खेपेचा दंड १० ते ५० रुपये. वाचून हसावं की रडावं कळत नाही. एवढ्यात दोन-तीन वडापाव येतात.

तरीही आणायचाच असेल आणि आई खरोखर हो म्हणाली असेल, तर पिल्लू सोडा, दोन-तीन वर्षांचा कुत्रा बघा. त्याचा स्वभाव कळलेला असतो, चावाचावीचे दिवस संपलेले असतात. त्याआधी एखाद्या संस्थेकडून काही आठवडे सांभाळायला आणा. अशी तात्पुरती घरं त्यांना कायम हवी असतात. त्या दिवसांत रोज खाली कोण गेलं ते आईनं फ्रिजवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावं. नंतर वाद झालाच तर कागद हाताशी असलेला बरा.